धंतोलीच्या तळघरातली हार्ड डिस्क

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे माझ्या मामेबहिणीसोबत, सोनिकासोबत, खरंच घडलंय. आणि तेही भर दुपारी.

मागच्या मे महिन्यातला रविवार. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

सोनिका कॉम्प्युटर दुरुस्त करते. धंतोलीतल्या एका एक्स-रे सेंटरने तिला बोलावलं होतं. पेशंटचे एक्स-रे साठवायचा त्यांचा कॉम्प्युटर तळघरात होता. त्याची हार्ड डिस्क दिवसभर करकरते, तिचा दिवा विझतच नाही, अशी तक्रार होती. सेंटरला सुट्टी होती. चौकीदार देवाजींनी खोली उघडून दिली आणि ते बाहेर जिन्यावर बसले.

दार लोटताच आवाज ऐकू आला.

कर्र... कर्र... कर्र...

डिस्क जुनी झाली असेल, असं तिला वाटलं. तपासली, तर ठणठणीत होती. मग तिने अँटिव्हायरसचं स्कॅनिंग थांबवलं. अपडेट बंद केले. शेवटी नेटवर्कची केबलच काढली. एवढ्यावर कुठलीही डिस्क शांत होते.

ही झाली नाही.

डिस्कवर सतत काहीतरी लिहिलं जात होतं. शोधता शोधता तिला एक फोल्डर सापडला. त्यात नवे एक्स-रे येऊन पडत होते. एकामागून एक...

वरच्या मजल्यावरचं एक्स-रे मशीन बंद. केबल तिच्या हातात.

तिने एक उघडला. छातीचा होता. बरगड्या, पाठीचा कणा... आणि गळ्यात साखळी.

एक्स-रेच्या वेळी दागिने काढायला लावतात. या बाईने काढले नव्हते. साखळीत बदामाच्या आकाराचं पदक होतं.

सोनिकाचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला.

तेच पदक.

तिने पुढचा एक्स-रे उघडला. सगळं तसंच होतं. फक्त खांद्यावर बोटांची हाडं दिसत होती... मागून ठेवलेली.

ती उठली आणि मागे न बघता दाराकडे धावली.

दार उघडेना.

कडी तिने लावलीच नव्हती. तिने दार बडवलं, देवाजींना हाका मारल्या. मोबाईलला रेंज नव्हती. भिंतीजवळच कॉम्प्युटरचा प्लग होता, तो तिने उपटला. स्क्रीन काळी झाली. आतला पंखा थांबला.

कर्र... कर्र...

आवाज थांबला नाही. आता तो कॉम्प्युटरमधून येत नव्हता.

तिच्या मानेमागून येत होता.

डोळे गच्च मिटून, दाराला कपाळ टेकवून ती खाली बसली. घामाने चिंब. किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही.

मग दार सहज उघडलं. समोर देवाजी उभे होते. दार तर नुसतं लोटलेलं होतं, असं ते म्हणाले. तोवर ते जिन्यावरून हललेही नव्हते.

"एवढ्या हाका मारल्या, मग आत का नाही आलात, काका?"

"हाका नाही आल्या ऐकू. मले वाटलं, तुम्ही कोणासंग बोलून राहिल्या."

"मी तर एकटीच होते."

देवाजी खोलीत डोकावले. त्यांचा आवाज खाली आला. "दुसरी बाई बोलून राहिली होती, म्याडम. तुम्ही नुसतं हो... हो... म्हणत होत्या."

ती बाई काय म्हणत होती, ते त्यांना कळलं नव्हतं.

आपण कशाला हो म्हटलं, हे सोनिकाला आजही आठवत नाही.

मागच्या महिन्यापासून तिला खोकला आहे. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितलाय.

ती अजून गेलेली नाही.