दुसऱ्याच्या चपला

सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन मेधाताई बाहेर आल्या, तेव्हा सभागृहाच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. सगळ्या एकाच मरून रंगाच्या! कृष्णेकाठच्या त्या गावात ज्येष्ठ नागरिक मंडळाने सभासदांना 'पाऊलजाण' चपला वाटल्या, तेव्हापासून कुणाची कुठली हे देवालाच ठाऊक. मेधाताईंचा पाय मुळातच थोराड. जी बसली ती सरकवली आणि त्या निघाल्या.

चप्पल मोठी काळजीवाहू होती. माणूस कुठे गेला, किती वेळ थांबला, पाय लटपटला का, हे सगळं तिच्या तळातला यंत्रकण घरच्यांच्या फोनवर कळवायचा. घरच्यांनी आखलेली रेघ ओलांडली की आधी तळव्याला गुदगुल्या, मग पट्ट्यातून मुलांचा आवाज. मेधाताईंची रेघ पाराच्या कोपऱ्यावर होती, कारण पलीकडच्या घाटावर त्या एकदा घसरल्या होत्या. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा तन्मय बजावून गेला होता, "आई, पुन्हा घाटावर गेलीस तर तुला सरळ पुण्याला नेणार. चौदाव्या मजल्यावर!" पोराची माया खोटी नव्हती. पण मेधाताईंना गाव सोडायचं नव्हतं.

कोपरा आला. सवयीने पाय थबकला. गुदगुल्या नाहीत. एक पाऊल पुढे. तरी नाहीत.

"अगंबाई!" त्या पुटपुटल्या. "ही माझी नव्हेच की!"

परत जाऊन चपला बदलाव्यात हे शहाणपण त्यांना सुचलं, नाही असं नाही. पण पाय ऐकतील तर ना! उतरतं ऊन रस्त्यावर सांडलं होतं, आणि त्या झोपेत चालल्यासारख्या चालत राहिल्या. आत्ता आपण कुठे आहोत हे कुणालाच ठाऊक नाही, या विचाराने इतकं हलकं वाटलं की त्यांना हसूच फुटलं.

घाटावर त्यांनी चपला काढून शेजारी ठेवल्या आणि पाय पाण्यात सोडले. मासोळ्या बोटांना हुळहुळून गेल्या. छोट्या तन्मयला घेऊन त्या इथेच बसायच्या. आईने आधी पाय घालायचा, मग तो विचारणार, "पाणी गार आहे का गं?" आठवता आठवता मेधाताईंचे डोळे मिटले.

"नाना!" शेजारची चप्पल बोलली. कुणा परक्याच्या लेकीचा आवाज. "पुन्हा घाटावर? आई नाही हो तिथे आता. घरी या ना."

मेधाताई दचकल्या. चुकून दुसऱ्याच्या घराचं दार उघडावं आणि आत कुणी रडत असावं, तसं त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

तेवढ्यात एक ठेंगणे गृहस्थ पायऱ्या उतरत आले. "काय वैताग आहे हो! माझी चप्पल घाटावर आल्यावर कुरकुरते. आज पारापासूनच सुरू!"

मेधाताईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मेधाताईंच्याच चपला रेघ ओलांडून आल्या होत्या.

"आई!" त्या चपलेतून तन्मय कडाडला. "सांगितलं होतं ना? उद्या गाडी घेऊन येतोय. सामान बांधून ठेव."

गृहस्थ गोंधळले. "अहो, मी आई नाही. मी नाना केंजळे. चपला बदललेल्या दिसतायत."

पलीकडून घाबरा आवाज आला, "मग आई कुठे आहे?"

नानांनी मेधाताईंकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच 'नको' म्हटलं. नाना चपला त्यांच्याजवळ काढून ठेवून पार खालच्या पायरीवर जाऊन बसले आणि पाण्याकडे बघत हळूच काही बोलू लागले. मेधाताईंनी मुद्दाम तिकडे कान दिला नाही.

"आई कुठे आहे? कुणी सांगा ना!" तन्मयचा आवाज कापत होता. आईला ते ऐकवेना.

"मी बरी आहे रे," त्या चपलेकडे वाकून म्हणाल्या. "आता कळलंच तुला कुठे आहे ते. पण मघाशी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! एवढं तरी माझं माझ्यापाशी राहू दे ना, बाळा. मला इथून नको नेऊस."

पाणी पायरीवर येऊन आपटत होतं. तो आवाज पुण्यातही पोचत असणार.

"आई," शेवटी तन्मय म्हणाला, अगदी हळू. "पाणी गार आहे का गं?"