हसण्याचा शॉट

कैनाडच्या चिकूवाडीत जेवणानंतर उजेड चांगला पडला होता, म्हणून दिग्दर्शक जतीनने खुनाचा प्रसंग लगेच घेतला. मयुरा सावे पाचोळ्यात पडली, मुकेशने रबरी कोयत्याचे वार केले, बाटलीतला लाल पाक तिच्या मानेवरून जमिनीत मुरला. बरीच वर्षं टीव्हीवर बातम्या वाचून, मग पुस्तकांचं प्रकाशन काढून, मयुरा पन्नाशीनंतर सिनेमात आली होती. ही तिची पहिली मोठी भूमिका.

"कट!" जतीन ओरडला.

"ताई, आता कॅमेऱ्यात बघून हसा," मेकअप करणारी हिरकणी म्हणाली. "मेलेल्याचं काम केलं की हसायचं असतं. नाहीतर मरण अंगाला चिकटतं."

युनिटमध्ये ही पद्धत सगळेच पाळत. मयुरा साडी झाडत उठली. "बातम्यांत किती माणसांची मरणं वाचली गं मी. एकदा जरी हसले असते, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

"हसा हो मॅडम," मुकेश म्हणाला. अच्छाडला हायवेवर त्याचा ढाबा होता, इथे तो हौसेने खुनी झाला होता. "मला खरा खुनी करून सोडू नका. गिऱ्हाईक तुटेल माझं."

सगळे हसले. मयुरा हसली नाही.

बादलीपाशी बसून तिने मान धुतली. लाल रंग निघेना. साखरेच्या पाकाला मुंग्या लागायला हव्या होत्या, माश्या आल्या. तिने बोट जिभेला लावून पाहिलं. खारट. मग मान चाचपली. एका जागी बोट पेरभर आत गेलं.

टॉवेलने मान दाबून ती मॉनिटरपाशी आली. "जतीन, मघाचा शॉट लाव."

पडद्यावर कोयता खाली आला. जतीनचं "कट" ऐकू आलं. कोयता पुन्हा खाली आला. पुन्हा. पाचोळा उडत होता, आणि त्याबरोबर आणखी काहीतरी.

"एवढे वार मी केलेच नाहीत," मुकेश म्हणाला.

मयुराच्या हातातला टॉवेल जड झाला होता. "कॅमेरा लाव. हसते मी."

ती त्याच जागी बसली. मॉनिटर तिच्याकडे वळवला. ओठ फाकले, पण चेहरा बातम्या वाचतानाचाच राहिला.

"हसा ना ओ ताई!" हिरकणी रडायला लागली.

मयुराने सगळा जोर लावला आणि मोठ्याने हसली. पडद्यावर तीही हसली.

"कट," जतीन म्हणाला.

मयुरा थांबली.

पडद्यावरची हसत राहिली. तिच्या मागून कोयता वर आला. मुकेश मॉनिटरशेजारी उभा होता, हात रिकामे.

"बंद कर तो कॅमेरा!" जतीन ओरडला.

"बंदच आहे," कॅमेरामन म्हणाला. "केव्हाचा."

पडद्यावरच्या बाईने वार अडवायला हात आडवा घातला.

मयुराने आपला तळहात पाहिला. तो अंगठ्यापासून मनगटापर्यंत उघडला होता. आतलं हाड पांढरं, स्वच्छ दिसत होतं.

दुखत नव्हतं.