मुळात अडकलेला खडा

"चौथ्यांदा आलेय मी! माझ्या नवऱ्याचं पत्र कुठंय?"

उर्सूल तारू दारातूनच ओरडली. सिदोनीच्या हातातला डिंकाचा ब्रश थांबला. फ्रान्सातल्या माँपेलिएच्या वनस्पती-संग्रहालयात वाळलेली झाडं कागदावर चिकटवायचं काम तिचं. डोकं गरम, नजर तिखट.

उर्सूलचा नवरा डोंगरातले रस्ते दुरुस्त करायचा. एप्रिलात त्याला आजवर कुणी न नोंदवलेलं नवंच झाड सापडलं. पत्रासोबत त्यानं ते इथं पाठवलं, आणि महिन्याभरात तो वारला. आता तेच झाड प्रोफेसरांचा मदतनीस कासान्य स्वतःच्या नावानं छापत होता. चार वाजता मजकूर छापखान्यात जाणार. एकदा छापलं की शोधणाऱ्याचं तेच नाव कायमचं.

तीन वाजून गेले होते.

"पत्र आलंच नाही," प्रोफेसर बाल्दू वैतागले. "किती वेळा सांगू, बाई?"

"पोस्टमन म्हणतो, दिलं!"

"कुणाच्या हातात?" सिदोनीनं विचारलं.

"आठवत नाही म्हणे मेल्याला."

"तू डिंक लाव गं," कासान्य म्हणाला. "झाड मी खणलंय. जूनमध्ये. अख्खं, मुळासकट."

उर्सूलनं पुडी सोडली. आत तसंच झाड, पण मूळ उभं चिरलेलं. चिरलेल्या बाजूला एक पांढरा खडा अर्धा बाहेर आलेला. मूळ त्याच्याभोवतीच वाढलं होतं.

"आमचे हे नेहमी असंच करायचे. अर्धं मूळ घरी, अर्धं टपालानं."

"अशी झाडं तिथं शंभर असतील," प्रोफेसर म्हणाले.

सिदोनीचं डोकं सटकलं. कुणी नीट बघेल तर शपथ!

"साहेब, एप्रिलात तुम्ही कुठं होता?"

"पॅरिसला."

"मग टपाल कोण उघडत होतं?"

प्रोफेसर कासान्यकडे बघायला लागले.

सिदोनीनं ओला स्पंज उचलून कासान्यचं झाड चिकटवलेल्या कागदावर दाबला.

"ए! हात लावू नकोस!"

"का? एरवी डिंकाला बोट लावत नाहीस. हाच एक कागद तू स्वतः चिकटवलास. तेव्हाच खटकलं मला."

डिंक सुटला. तिनं झाड उलटं केलं. मुळाची खालची बाजू सपाट, सुरीनं चिरलेली. मधोमध एक खळगा.

"अख्खं खणलंस ना? चिरलेली बाजू डिंकाखाली दडवलीस तू. टपाल तूच उघडलंस, पत्रही तूच लांबवलंस. द्या बाई तुमचं."

दोन्ही अर्धी मुळं तिनं एकमेकांवर ठेवली. खडा खळग्यात बरोबर बसला.

"पत्र कुठंय?" प्रोफेसरांचा आवाज चिरका झाला.

"जाळलं," कासान्य जमिनीकडे बघत पुटपुटला.

उर्सूलनं आपला अर्धा भाग परत हातात घेतला.

प्रोफेसरांनी मजकुरातलं नाव खोडलं, वर 'तारू' लिहिलं. चारला दहा कमी होते. मग त्यांनी हात पुढं केला. "बाई, तुमचा अर्धा भागही द्या. संग्रहाला लागेल."

उर्सूल मागं सरली. खड्याचं अर्धं मूळ तिनं पुडीत बांधलं.

"चार खेपा मारल्यात मी," ती म्हणाली. "आधी छापलेलं नाव दाखवा. आणि ते दाखवायला तुम्ही या माझ्या दारात."