पण फुलं

"माझ्या वडिलांना मीच मारलं असं पोलीस म्हणतात," खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली. "परवा मला घेऊन जातील."

भाऊजींच्या हातातला चहा बशीत सांडला. वहिनींनी नुसता चष्मा पुसला. गुन्ह्यांच्या शोधाचा धंदा वहिनींचा. भाऊजी, त्यांचे धाकटे दीर, सोबतीला असत आणि नको तिथे नाक खुपसत.

मुलीचे वडील, अप्पा, रानातली झाडं ओळखणाऱ्या हौशी मंडळींचे गुरुजी. कोणीतरी फोनवरच्या गटात झाडाचा फोटो टाकायचा, गुरुजी नाव सांगायचे. रविवारी अकराच्या सुमारास त्यांच्याच खोलीत कोणीतरी त्यांच्या डोक्यात फळी घातली. झाडाच्या फांद्या दाबून सुकवायची जाड लाकडी फळी.

"घरात मीच होते. मागे कपडे वाळत घालत होते. सकाळी आमचं भांडणही झालं होतं. या वयात डोंगर चढू नका म्हटलं, एवढंच."

"त्यांच्या हातात काही होतं?"

"फोन. गटात आलेल्या एका फोटोला उत्तर लिहीत होते. 'पारोसा पिंपळ. पण फुलं', एवढंच. पुढचं राहून गेलं."

गुरुजींच्या खोलीत भिंतीवर पाटी होती: आधी पान बघा. टेबल रिकामं होतं. गटातल्या दोघांना वहिनींनी तिथेच बोलावलं.

ग्रंथपालबाई रडून रडून थकल्या होत्या. "साडेदहाला मी पुस्तक द्यायला आले नि लगेच गेले. गुरुजी या डॉक्टरांच्या रानभाज्यांवरच्या पुस्तकाची छापायची पानं तपासत होते. टेबलभर कागद. चेहरा असा की मला बोलायचा धीर होईना."

दातांचे डॉक्टर मुलीशेजारी बसून तिला पाणी पाजत होते. लहानपणापासून ती त्यांना काका म्हणायची.

"मी तासाभराच्या अंतरावर, समुद्रकाठी होतो," ते म्हणाले. "हा बघा, अकराला तिथूनच टाकलेला फोटो."

फोटोत हृदयाच्या आकाराचं एक पान, शिरा न् शिरा दिसेल असं. मागे पाच लालसर फुलं.

"फुलं छान आलीत," भाऊजी म्हणाले.

"फुलं नवशिक्यांनी बघावीत," डॉक्टर किंचित हसले. "आम्ही पान बघतो."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वहिनी आणि भाऊजी समुद्रकाठच्या त्याच झाडाखाली उभे होते.

"वहिनी, झाड चुकलं. ही फुलं तर पिवळीधमक आहेत."

"पान तेच आहे ना? मग बसा. डबा आणलाय."

उन्हं उतरेपर्यंत बसून भाऊजींची कंबर धरली. मग त्यांनी वर बघितलं, आणि कंबर विसरले.

बुधवारी सकाळी गुरुजींच्या खोलीत पुन्हा तेच सगळे जमले होते. दाराशी पोलीस निरीक्षक उभे होते.

"पारोशा पिंपळाचं फूल पिवळं उमलतं आणि संध्याकाळपर्यंत लाल होतं," वहिनी म्हणाल्या. "कालचं एखादं शिळं फूल सकाळी लाल दिसेलही. पण डॉक्टर, तुमच्या फोटोत पाचच्या पाच लाल आहेत. अकराला एक तरी पिवळं हवं होतं. फोटो आदल्या संध्याकाळचा आहे. रविवारी तो तुम्ही याच गल्लीतून टाकलात."

वहिनींनी रिकाम्या टेबलावर बोट ठेवलं.

"टेबलभर कागद होते, ते कुठे गेले? मी छापखान्यात विचारलं. शनिवारी गुरुजींनी तिथे फोन केला होता. तुम्ही खायला सांगितलेला एक पाला विषारी आहे, पुस्तक थांबवा म्हणून. ते तुमच्याशी बोलून दुरुस्त करायला तयार होते. तुम्हाला नावाला लागलेला डाग नको होता. तुमच्या फोनमधल्या मूळ फोटोवर वेळ असेलच."

डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

भाऊजी एकदम पुढे झाले. "म्हणजे 'पण फुलं'..."

"हो. गुरुजींनी फुलंही बघितली होती. फोटो अकराचा नाही हे त्यांनी ओळखलं होतं. आणि तेवढ्यात हे डॉक्टर दारातून आत आले."

मुलीने काकांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग तिने स्वतःचा फोन काढला, त्या फोटोखाली काहीतरी लिहिलं आणि पाठवलं.

डॉक्टरांच्या खिशात फोन वाजला. निरीक्षकांनी तो काढून घेतला आणि वाचला:

'पारोसा पिंपळ. पण फुलं संध्याकाळची आहेत, काका.'