वारुळावरची अळंबी

सकाळी आठला दवाखान्यातून फोन आला. आदल्या दुपारी अळंबीची भाजी खाल्लेले म्हातारे कीटकशास्त्रज्ञ बेशुद्ध होते. विषबाधा. आधीच दोन रात्री जागलेले फौजदार पाय ओढत त्यांच्या घरी पोचले.

स्वयंपाकाच्या मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हाताऱ्यांच्या पुतण्याने मावशींकडेच बोट केलं.

"काल काकांनी मागच्या वारुळावरून चांगली अळंबी आणली. मी स्वतः पाहिलं. यांनीच त्यात भलतंच मिसळलं. घेऊन जा यांना!"

"टोपली ओट्यावर होती, साहेब," मावशी म्हणाल्या. "मी फक्त चिरली. बारा वर्षं जेवू घालतेय, आज विष घालीन?"

फौजदारांनी केराची बादली उपसली. अळंबीचे देठ सगळे एकसारखे, बुडाशी फुगीर, पातळ पिशवीत बसवल्यासारखे.

मग ते दोघांना घेऊन घरामागच्या वारुळाशी गेले. काठी टेकताच माती ढासळली. भोकांवर कोळिष्टकं.

"वाळवी कुठं गेली?"

"यांनीच औषध मारलं, दोन वर्षांपूर्वी," मावशींनी पुतण्याकडे हात केला. "काका केवढे चिडले होते!"

"प्रबंधासाठी मारलं," पुतण्या हसला. "वाळवीवाचूनही ही अळंबी उगवते, हा माझा शोध आहे. मावशींना त्यातलं काय कळणार?"

मावशींनी पदराआडून एक वही काढली. "दवाखान्यात नेताना काका ही हातातून सोडत नव्हते."

शेवटच्या पानावर लिहिलं होतं : 'वाळवी आंधळी, अळंबी पांगळी. ती चावून आणते, ही मुरवून देते. एक गेली की दुसरी कुणासाठी उगवेल? दोन वर्षं पाहिलं, एक छत्री नाही. पोराचा प्रबंध खोटा. सोमवारी विद्यापीठाला कळवायचं.'

फौजदार मागच्या दाराच्या पायरीवर बसले. गुडघे दुखत होते.

"वारुळावरच्या अळंबीचा देठ निमुळता होत मुळासारखा खाली उतरतो, पार वाळवीच्या घरापर्यंत. केरातला एकही देठ तसा नाही. म्हणजे मिसळण्याचा प्रश्नच नाही, टोपलीभर विषारीच होती. आणि इथं दोन वर्षांत काही उगवलंच नाही, तर काकांना काय खुडताना पाहिलंत? मावशींना थापच मारायची असती, तर बाजारातून आणली म्हणाल्या असत्या. मेलेल्या वारुळावर अळंबी उगवते असं मानणारा या घरात एकच माणूस आहे. टोपली त्यानंच ओट्यावर ठेवली."

पुतण्याने ढासळलेली माती पायाने सारली.

"सात वर्षं घातली मी त्यात," तो म्हणाला. "काका एका ओळीत पुसायला निघाले होते."

फौजदारांबरोबर आलेले शिपाई त्याला घेऊन गेले.

"मावशी, सुटलात तुम्ही. घरी जा, जरा पडा."

"जाते हो. पण काका शुद्धीवर आले, तर माझ्या हातचं खातील का?"

 फौजदारांनी पायरीवर सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली.