हॅलिफॅक्स अजून वसलेलं नाही

लॉर्न पेटीपा मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने माझ्यावर बंदूक रोखली होती. नंतरच्या चार महिन्यांत त्याने मला जो ताप दिला, त्या मानाने ती बंदूक परवडली.

मे महिना होता. भुरभुर पाऊस, समुद्रावरून आत घुसलेलं धुकं, आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला झालेला उशीर. सेंट ऑबिनच्या किल्ल्यात मी मोलकरीण मार्गो होणार होते. कॅनडातल्या आमच्या केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर पाहुणे येतात. दीपगृहं बघतात, कोळ्यांची गावं बघतात, फिश केक खातात आणि शेवटी आमच्या किल्ल्यावर येतात. किल्ल्यात कायम फ्रेंच राजाच्या अमलातलं सतराशे पंचेचाळीस साल असतं. आम्ही सगळे त्या सालातली माणसं, पुढच्या कशाचं नावही काढायचं नाही. पाहुण्यांसमोर कुणी चुकलं, तर त्याने आठवडाभर स्वयंपाकघरात बसून सलगम सोलायचे, हा आमच्या मुख्य विनिफ्रेडबाईंचा कायदा.

मी घाघरा दोन्ही हातांनी उचलून मोठ्या दारापाशी धावत आले, तर पांढऱ्या डगल्यातला एक उंच शिपाई बंदूक रोखून आडवा आला.

"थांब. कोण तू?"

"उना. नवीन आहे. सोड ना, उशीर झालाय."

"उना नावाची कुणी बाई या किल्ल्यात नाही."

"बरं बाबा, मार्गो. मोलकरीण."

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. घाघऱ्याखाली माझे पिवळे रबरी बूट होते. "हा रंग राजाच्या राज्यात अजून आलेला नाही. तू इंग्रजांची हेर दिसतेस."

"अरे, इथे एक पाहुणा तरी आहे का बघायला?"

"राजा बघतो," तो शांतपणे म्हणाला.

मला अख्ख्या तटबंदीला वळसा घालून मागच्या दाराने जावं लागलं. विनिफ्रेडबाईंनी माझी जी हजेरी घेतली ती घेतली. वळसा घालताना मी त्या शिपायाला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. त्याचे डोळे हिरवट होते, हेही तेव्हाच लक्षात आलं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

रोज अकरा वाजता दारावरच्या शिपायांना पाव पोचवायचा, हे माझं काम. पाव ताजा असायचा, हाताला चटका बसायचा. लॉर्न तो घेताना मुद्दाम माझी बोटं धरायचा… आणि पाहुण्यांकडे वळून म्हणायचा, "मंडळी, या मार्गोबाईंनी माझी झोप उडवली आहे."

"झोप उडाली तर पहाऱ्याला बरंच," मी म्हणायचे.

"पगार आला की लग्न करू, मार्गो."

"राजाने तुमचा पगार दोन वर्षं दिलेला नाही."

"म्हणून तर एवढ्या धीराने विचारतोय."

पाहुणे टाळ्या वाजवायचे. मी स्वयंपाकघरात परत येताना उगाच हसायचे. मला तो आवडायला लागला होता, सरळच सांगते. जुलै संपेपर्यंत फारच.

आणि संध्याकाळी पाच वाजता? तोच माणूस जीन्स घालून गाड्यांपाशी यायचा. हातात किल्ली, नजर टायरवर. "बरंय… उद्या," एवढं म्हणायचा आणि जुनाट ट्रक घेऊन निघून जायचा. सहा वर्षांत दारावर तो एकदाही चुकला नव्हता म्हणे. मला वाटायचं, चूक रे बाबा, एकदा तरी चूक.

ऑगस्टमध्ये शेवटी मीच म्हटलं, सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याने फिरून येऊ या. तो "हो" म्हणाला, आणि तो एकच शब्द त्या दिवसाला पुरवायचा त्याने बहुतेक ठरवलं होतं. आम्ही तीन गावं पाहिली. एक दीपगृह, एक लाकडी चर्च, कोळ्यांचं एक इवलंसं संग्रहालय. जिथे जिथे पितळी पाटी होती, तिथे हा उभा राहून ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा. जहाज कधी बुडालं, घंटा कुणी दिली, छप्पर कधी बदललं. मी बाजूला उभी, वारा केसांत, हात मुद्दाम त्याच्या हाताजवळ. त्याने पाटी वाचली. दीपगृहाच्या खाली समुद्र इतका निळा होता की कुणीही काहीतरी बोललं असतं.

"छप्पर दोनदा बदललंय," लॉर्न म्हणाला.

घरी येऊन मी बूट भिंतीवर फेकले.

सप्टेंबरात हॅलिफॅक्सहून पत्र आलं. मी अर्ज केलेल्या तिथल्या एका संग्रहालयात बारमाही नोकरी. इथली नोकरी ऑक्टोबरात संपते, मग हिवाळाभर मी काय करते ते माझं मला माहीत. उत्तर शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी गाड्यांपाशी मी त्याला सांगितलं. त्याचे कान लाल झाले. किल्ली खाली पडली, त्याने उचलली.

"छान… चांगली नोकरी आहे," तो म्हणाला आणि ट्रक घेऊन निघून गेला.

रात्रभर मी एकच विचार करत होते. रोज अकरा वाजता माझ्यावर जीव टाकतो तो कोण? माणूस की डगला? डगलाच असेल, तर मी उगाच कशाला झुरतेय. निमूट हॅलिफॅक्सला जावं आणि हा किनारा विसरावा.

शुक्रवारी पाव घेऊन गेले. दारात पाहुण्यांचा घोळका होता, पुढे काठी टेकत एक आजी, मागे विनिफ्रेडबाई. असू देत, म्हटलं.

"शिपाई, मला हॅलिफॅक्सला बोलावणं आलंय. पाचपर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्ही रोज जे बोलता ते तुमचं की या डगल्याचं, एवढं सांगा. मग मी माझं बघते."

त्याने बंदूक सरळ केली. घसा खाकरला. सगळे थांबले.

"हॅलिफॅक्स…" तो म्हणाला, "असं गाव नाही, मार्गो. ते वसायला अजून चार वर्षं आहेत."

आजी हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी टोपली तिथेच ठेवली आणि वळले. अंगण ओलांडायला वीसेक पावलं लागतात. मी बारा चालले असेन.

"उना."

मी थांबले. त्या किल्ल्यात या नावाने त्याने मला कधी हाक मारली नव्हती.

मागे वळून पाहिलं तर लॉर्नने बंदूक भिंतीला टेकवली होती, टोपी काढली होती, आणि कान… कान विचारू नका.

"हॅलिफॅक्स आहे," तो म्हणाला. "पाच तासांवर. माझ्या ट्रकने साडेपाच."

"तुला काय माहीत?"

"रविवारी जाऊन आलो. किती वेळ लागतो ते बघायला. विनिफ्रेडबाईंनी तुझ्याबद्दल चांगलं लिहून पाठवलं, तेव्हाच कळलं होतं, तुला ती नोकरी मिळणार." त्याने डगल्याची बटणं सोडायला सुरुवात केली, जणू त्याशिवाय पुढचं बाहेर येणार नव्हतं. "डगल्याचं काही नव्हतं, उना. सगळं माझंच होतं. डगला घातला की बोलायला धीर येतो, एवढंच. दीपगृहापाशी मी ती एकच ओळ चार वेळा वाचली. तुझा हात जवळ होता… मला दुसरं काही सुचेना. तू जा. चांगली नोकरी आहे. मी दर शनिवारी येईन. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

चार महिने. चार महिने या माणसाने माझा जीव खाल्ला, आणि बोलला ते चाळीस पाहुण्यांसमोर. मला त्याला टोपलीने मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. पण हिशेब चुकता करायची अशी संधी पुन्हा कधी येते?

"कुठलं हॅलिफॅक्स?" मी डोळे पुसत विचारलं. "मी तर असं गाव कधी ऐकलं नाही."

घोळका हसून लोटपोट झाला. लॉर्नही हसला, मान खाली घालून, लहान मुलासारखा. मग मी चालत गेले आणि त्याचा हात धरला. पाव तसाच गरम होता.

"लॉर्न पेटीपा," विनिफ्रेडबाई म्हणाल्या, "सलगम." त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

साडेतीन वाजता मागच्या खोलीत जाऊन मी हॅलिफॅक्सला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं. परत आले तर लॉर्न चुलीशेजारी स्टुलावर बसून सोलत होता. इतकं जाड साल काढत होता की हातात सलगम सुपारीएवढा उरायचा. काठीवाल्या आजी फिरत फिरत तिथे पोचल्या होत्या.

"काय गं मार्गो, एवढ्या चांगल्या शिपायाला ही शिक्षा कशाची?"

"काय सांगू, आजी," मी म्हटलं. "जे गाव अजून वसलेलंच नाही, तिथे दर शनिवारी यायचं कबूल केलंय याने."

लॉर्नने वर न बघता पुढचा सलगम उचलला. कान अजून लालच होते.