पाटी क्रमांक चौदा

डिसेंबरच्या सुट्टीसाठी सातदेवडीच्या जंगलात फोन करणारे लोक आता वाघ दिसेल का, असं विचारत नाहीत. किती वाजता दिसेल, ते विचारतात.

हेमलता कापगते त्यांना वेळ सांगते. सकाळी सहा पन्नास, तलावाचा बांध, नर. किंवा सात वाजून दहा मिनिटं, चौथा पाणवठा, वाघीण, एकटी. लोक नाश्त्याच्या वेळेशी ताडून बघतात आणि बुकिंग करतात. कुणी म्हणतं, मुलं सात वाजता उठत नाहीत हो, साडेआठचा नाही का एखादा? असतो.

वाघ आपल्या हद्दीतल्या झाडांवर लघवीचा फवारा मारून ठेवतो. दुसऱ्या वाघासाठी ती पाटी असते. इथून कोण गेलं, कधी गेलं, नर की मादी, जोडीच्या शोधात की भांडायच्या तयारीत, सगळं त्या वासात लिहिलेलं असतं. हेमलताने नागपूरच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं घालवून ते वास घटकाघटकाने जुळवले. आता जंगलातल्या खोडांना काडेपेटीएवढ्या सहाशे डब्या बांधलेल्या होत्या. ठरल्या वेळी त्या ठरलेला वास सोडत. त्यांना सगळे गंधपाट्या म्हणत. वाघ त्या वाचत आणि त्याप्रमाणे चालत. वाघांवर कसलीही जबरदस्ती होत नाही, असं शार्दूल सफारी कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरात छापलेलं होतं.

एवढी शिकलेली बाई प्रयोगशाळा सोडून जंगलाच्या फाटकावर बुकिंगच्या टेबलाशी का येऊन बसली, हे ऑफिसातल्या नव्या मुलींना कळत नसे. जुने ड्रायव्हर विचारत नसत.

अठरा नोव्हेंबरला दुपारी फोन आला.

“नमस्कार, अनिरुद्ध पालकर बोलतोय, पुण्याहून.”

हेमलताने फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला घेतला. “बोला.”

“चोवीस ते सव्वीस डिसेंबर. मुलगी-जावई कॅनडाहून येतायत, दोन नातवंडं आहेत. त्यांना गाडीतून काय ते दाखवा. मला मात्र एक सकाळ लपणात बसायचंय. डोळ्याच्या पातळीवरून फोटो हवाय.”

लपण म्हणजे पाण्याकाठची बांबू आणि जाड कापडाची खोली, एक माणूस आणि एक कॅमेरा मावेल एवढी.

“सव्वीस तारखेची सकाळ देते. चौथा पाणवठा.”

पालकर म्हणाला, “चौथा? बाकीचे नाहीत?”

“सकाळचं ऊन पाण्यावर तिथेच येतं.”

“हो, ते आहेच. माहितेय मला. मी पूर्वी तुमच्याच कंपनीत होतो, सफारीचं सगळं वेळापत्रक माझ्याकडे होतं.” तो हसला. “मला सवलत नको बाई, वाघ थोडा जास्त वाढा. आणि थंडीचं काय? आता वय झालं.”

“लपणात ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतो.”

“छान. नाव काय म्हणालात आपलं?”

“हेमलता.”

आडनाव त्याने विचारलं नाही. टेबलावर बसलेल्या बाईचं कोण विचारतं?

तीन वर्षं ती याच फोनची वाट बघत होती. जंगल विकून गेलेला माणूस कधीतरी पाहुणा होऊन परत येतो, असा तिचा अंदाज होता. तो चुकला नाही.

तिचा धाकटा भाऊ धनराज सातदेवडीत वनरक्षक होता. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, पायी गस्तीवर असताना, चौथ्या पाणवठ्याजवळ गौरा नावाच्या वाघिणीने त्याला मारलं. गौराबरोबर तेव्हा पिल्लं होती. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं, वनरक्षकाने नेमून दिलेली वाट सोडली. धनराज बारा वर्षं त्याच वाटेने जात होता. गौराला नरभक्षक ठरवून नागपूरला पिंजऱ्यात टाकलं.

धनराजचा शर्ट कागदी पिशवीतून घरी आला. हेमलताने पिशवी उघडली आणि तिला भाताचा वास आला.

वाघाच्या फवाऱ्यात आणि सुवासिक तांदळात एक रेणू अगदी सारखा असतो. ते दोघं साकोलीजवळच्या गावात वाढले होते आणि त्यांच्या घरी चिन्नोर हा तसाच तांदूळ पिकायचा. लहानपणी धनराज भांड्यावरचं झाकण काढून तोंड आत घालायचा आणि आईचा मार खायचा. शर्टाला तोच वास होता, आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी. तिने शर्टाचा तुकडा यंत्रात घातला. पाटी क्रमांक चौदा. हद्दीत घुसलेली परकी वाघीण, भांडायच्या तयारीत. पिल्लांच्या आईने हा वास वाचला की ती समोर काय आहे ते बघत नाही, झेप घेते. चौदा नंबर जंगलात लावायला मनाई होती. तो फक्त प्रयोगशाळेत वापरायचा होता.

तिने अहवाल दिला. कंपनीने वेळापत्रक दाखवलं. त्या दिवशी तिथे चौदा नंबर सोडल्याची नोंद नव्हती. हुकूम फोनवरून तोंडी दिला गेला होता, हे डबी लावणाऱ्या माणसाने तिला हळूच सांगितलं आणि दुसऱ्या आठवड्यात तो नोकरी सोडून गेला. हुकूम देणारा पालकर होता.

आता तिच्याकडे पाच आठवडे होते. तिने ते वाया घालवले नाहीत.

चौदा नंबरची एक कुपी तिच्याकडे होती. ब्लँकेटच्या काठावर अकरा थेंब पुरेसे होते. मांडीवरच्या गरम पाण्याच्या पिशवीने काठ तापेल आणि वास पंचवीस मिनिटांत पाणवठ्याभर पसरेल. चौथ्या पाणवठ्यावर आता गौराची मुलगी राहत होती. ड्रायव्हर तिला धाकटी म्हणत. तिला ऑक्टोबरमध्ये पिल्लं झाली होती. लपणाचं कापड तिच्या पंजापुढे किती टिकेल, हेही हेमलताने काढून ठेवलं. चार सेकंद.

वीस डिसेंबरला ती नागपूरला गौराला बघून आली. ती दर महिन्याला जात असे. गौरा पिंजऱ्यात आठ पावलं चालायची, वळायची, आठ पावलं परत यायची. शेजारचा पिंजरा रिकामा होता. पिंजरा झाडणारा माणूस म्हणाला, “याच्यातबी येईल एखादा, ताई. रिकामा कुठं ठेवतेत?”

त्या वाक्यावर हेमलताने सगळी योजना बदलली. पालकरसाठी तिला काहीही वाटलं नव्हतं. धाकटीसाठी वाटलं.

सव्वीस तारखेला पहाटे तिने तीन वर्षांत पहिल्यांदा चिन्नोरचा भात टाकला. पालकरचं ब्लँकेट वाफेवर धरलं, घडी केली, पुन्हा धरलं. चौदा नंबरची कुपी कपाटात तशीच होती. चौथ्या पाणवठ्याकडे जाणाऱ्या सगळ्या पाट्या तिने बंद केल्या आणि नाल्यापलीकडच्या सुरू केल्या. धाकटी आज तिकडे जाणार होती. पालकरला वाघ दिसणार नव्हता. फक्त वास येणार होता.

सोमा मडावीने जिप्सी काढली. सोमा धनराजबरोबर जंगलात वाढलेला. पालकरला लपणात बसवून, ब्लँकेट आणि पिशवी देऊन, दोघं शंभर मीटर मागे येऊन थांबली.

“ह्याला ह्याच पाणवठ्यावर बसवलं, ताई?” सोमा म्हणाला.

“त्यालाच फोटो हवा होता.”

सोमाने तिच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

सातला दोन मिनिटं कमी असताना वॉकीटॉकी खरखरली. “बाई, इथे जवळ कोणी भात शिजवतंय का?”

“नाही. सगळ्यात जवळचं गाव नऊ किलोमीटरवर आहे.”

“मग हा वास… बासमतीसारखा.”

“चिन्नोर म्हणा. तुमच्या ओळखीचाच आहे, पालकरसाहेब.”

मग बदललेल्या आवाजात, “कुठली पाटी आहे ही? कोण बोलतंय?”

“हेमलता कापगते. धनराज कापगतेची बहीण.”

“गाडी आणा. आत्ताच्या आत्ता.”

“गाडी येईल. पण वास तुमच्या अंगाला लागलाय, तो गाडीतही येईल. मला उतारा सोडावा लागेल. प्रत्येक पाटीचा उतारा वेगळा असतो. तुम्ही नंबर सांगा.”

“मला काय माहीत नंबर?”

“फेब्रुवारीत याच पाणवठ्यावर तुम्ही कुठला लावायला सांगितला होता? बहुतेक तोच असेल.”

जंगलातल्या सगळ्या वॉकीटॉकी एकाच वाहिनीवर चालतात. त्या सकाळी चोवीस गाड्या आत होत्या, आणि फाटकावरचं यंत्र प्रत्येक शब्द नोंदवून ठेवत होतं. चोवीसातल्या एका गाडीत पालकरची मुलगी, जावई आणि नातवंडं होती. तेही हेमलताने जुळवलं होतं.

“चौदा,” पालकर म्हणाला. “चौदा होता. मीच सांगितलं होतं फोनवर. पाहुण्यांना वाघीण अंगावर धावून आलेली बघायची होती, गाडीतून, लांबून. उतारा सोडा आता.”

“गस्त त्या वाटेने जाते, हे माहीत होतं?”

“माहीत होतं. वाटलं, दहापर्यंत कोणी येत नाही… बाई, उतारा.”

“आणि वनरक्षकाने वाट सोडली, हे अहवालात कोणी घातलं?”

“मी. मी घातलं.”

सोमाने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले होते. वाहिनीवर एका बाईचा आवाज आला, “बाबा?” आणि बंद झाला.

हेमलताने बोलायचं बटण दाबलं. तो नुसता भात आहे, हे आता ती सांगणार होती. तिने हे वाक्य पाच दिवस मनात घोळवलं होतं, आणि सांगायची तिला अजिबात घाई नव्हती.

पलीकडच्या मोहाच्या झाडावरून वानर खाकरलं. मग दुसरं. चितळाने शीळ घातल्यासारखी हाक दिली.

धाकटी करवंदीच्या जाळीतून बाहेर आली. ती नाल्यापलीकडे असायला हवी होती.

लपणाचं कापड हललं आणि पालकरने ब्लँकेट बाहेर भिरकावलं. ते पाच-सहा पावलांवर पडलं. धाकटी सरळ त्याच्याकडे चालत आली. तिने नाक खाली घातलं, मग वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी राहिली. वाघ पाटी वाचताना असाच उभा राहतो. मग तिने मान वळवली आणि लपणाकडे बघितलं. तिचं अंग हळूहळू जमिनीला टेकू लागलं.

जिप्सी थेट अंगावर आली की वाघीण बाजूला होते, हे दोघांनाही माहीत होतं.

सोमाचा हात चावीवर होता. “ताई,” तो अगदी हळू म्हणाला, “जाऊ का समोर?”

हेमलता दुर्बिणीतून बघत होती. पालकरचा श्वास वॉकीटॉकीतून स्पष्ट ऐकू येत होता. धनराजजवळ त्या दिवशी वॉकीटॉकी होती, पण त्याला बटण दाबायला वेळ मिळाला नव्हता.

“ताई.”

“चल,” ती म्हणाली.

सोमाने गाडी घातली, जोरात हॉर्न दिला. धाकटी एका उडीत करवंदीत नाहीशी झाली. पालकर जिवंत होता. त्याला धरून उठवावं लागलं. परत येताना तो मागच्या सीटवर बसून आपले तळहात पुन्हा पुन्हा हुंगत होता.

दुपारपर्यंत ते बोलणं जिल्ह्याच्या कचेरीत पोचलं. संध्याकाळी सांगावा आला, धनराजची फाइल पुन्हा उघडणार. फाटकावरचे ड्रायव्हर ऑफिसच्या दारापर्यंत येऊन, आत न येता उभे राहिले आणि गेले. सोमा तेवढा आत आला.

“मी मोजलं, ताई,” तो म्हणाला. “मी विचारल्यापासून तुम्ही बोलेपर्यंत. नऊ.”

“नऊ काय?”

“सेकंद.” तो गाडीची चावी टेबलावर ठेवून निघून गेला.

हेमलताने कोरा फॉर्म पुढे ओढला. जंगलात कुठलाही नवा वास नेला की हा फॉर्म भरावा लागतो. नियम तिनेच केला होता. वासाचं नाव: भात. जात: चिन्नोर. वाहक: लोकरी ब्लँकेट. ती एकेक रकाना भरत खाली आली आणि शेवटच्या रकान्याशी थांबली. वाघ हा वास कसा वाचतो, याची आधी चाचणी घेतली आहे का?

चौदा वर्षांत तिने हा रकाना कधी रिकामा ठेवला नव्हता. दुसऱ्या कुणी ठेवला, तर ती फॉर्म परत पाठवत असे. कुपीतल्या चौदा नंबरचे थेंब तिने मोजले होते, कापड किती सेकंद टिकेल ते काढलं होतं, मुलीची गाडी कुठे असेल तेही. वाफेवर धरलेल्या ब्लँकेटचा वास पिल्लं असलेल्या वाघिणीला काय सांगेल, एवढं एकच तिने तपासलं नव्हतं.

ते ती विसरली होती का?